होज लाइनसाठी पंपाचा दाब कसा काढतात?

८ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे दिल्लीच्या अनाज मंडी भागातील एका इमारतीला आग लागली. त्यात ४३ जणांचा मृत्यू झाला. अरुंद गल्ल्यांमुळे अग्निशमन गाड्यांना तिथवर पोहोचणे अवघड गेले. अशा वस्तीत गाडी दूर उभी करून होजला होज जोडत पाणी न्यावे लागते. मग पंपावर दाब किती ठेवायचा? तो हिशेब या पाठात पाहू.

सूत्र: पंपाचा दाब = नोझलवरील दाब + घर्षणात जाणारा दाब + उंचीसाठी लागणारा दाब

उदाहरण: समजा, ६३ मिमी व्यासाचे, प्रत्येकी १५ मीटरचे १० होज जोडले आहेत. एकूण लांबी १५० मीटर. २० मिमीचे नोझल पंपापेक्षा १० मीटर उंचीवर आहे.

१. नोझल: येथे ३.५ बार दाब हवा आहे. प्रवाह = २/३ × नोझलच्या व्यासाचा वर्ग × दाबाचे वर्गमूळ. उत्तर: मिनिटाला सुमारे ५०० लिटर.

२. घर्षण: ९००० × घर्षणांक × लांबी × प्रवाहाचा वर्ग ÷ होजच्या व्यासाचा पाचवा घात. लांबी मीटरमध्ये, व्यास मिमीमध्ये आणि प्रवाह लिटर प्रति मिनिट घ्या. घर्षणांक ०.००५ धरल्यास उत्तर सुमारे १.७ बार येते.

३. उंची: दर १० मीटरला सुमारे १ बार.

बेरीज: ३.५ + १.७ + १ = ६.२ बार.

आता पंपचालकाने हिशेब न करता पंपावरच ३.५ बार ठेवले तर? उंचीत १ बार जातो. उरलेले २.५ बार घर्षण आणि नोझल यांच्यात वाटले जातात. नोझलवर जेमतेम १.७ बार उरतो आणि पाणी मिनिटाला सुमारे ३५० लिटरच मिळते. आत गेलेल्या जवानाच्या हाती कमजोर धार येते. उलट दाब फार वाढवला, तर नोझलचा मागे बसणारा धक्का वाढतो आणि ते धरून ठेवणे कठीण होते.

सूत्रातील वर्गाकडे लक्ष द्या. त्याच होजमधून दुप्पट पाणी नेल्यास घर्षण चौपट, म्हणजे ६.८ बार होते. तेच पाणी दोन समांतर लाइनमधून नेल्यास प्रत्येकीत ते १.७ बारच राहते. म्हणून जास्त पाणी हवे असेल, तेव्हा नुसता दाब वाढवण्यापेक्षा दुसरी लाइन टाकणे फायद्याचे ठरते.

स्वाध्याय: वरील उदाहरणात गाडी आणखी ७५ मीटर मागे उभी करावी लागली, तर पंपाचा दाब किती ठेवाल? (उत्तर: सुमारे ७ बार)