बुलिमिया : भरल्या ताटावरचे दुखणे

अन्नाचा प्रश्न म्हटला की अर्थशास्त्राच्या अभ्यासकापुढे प्रथम उभी राहते ती टंचाई. दुष्काळ, रेशनिंग, कुपोषण याच शब्दांत आपण भुकेचा विचार करीत आलो आणि देशाचा इतिहास पाहता ते स्वाभाविकही आहे. परंतु अन्न मुबलक असताना, किंबहुना ते पोटात गेल्यानंतर, माणसाचा छळ मांडणारा एक आजार आहे. 'बुलिमिया नर्व्होसा' हे त्याचे वैद्यकीय नाव.

हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ 'बैलाची भूक' असा होतो. तो ऐकून आपल्याकडील मंडळींना भस्म्या रोग आठवेल. पण हे साम्य वरवरचे आहे. भस्म्यात कितीही खाल्ले तरी भूक शमत नाही, अशी समजूत आहे. बुलिमियाचा रुग्ण भूक नसतानाही थोड्या वेळात अतोनात खातो, त्या वेळी त्याचा स्वतःवर ताबा उरत नाही, आणि मग वजन वाढेल या धास्तीने तो ओकारी, रेचके, कडकडीत उपास किंवा बेसुमार व्यायाम यांचा आश्रय घेतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली ठरविलेल्या निकषांनुसार हे चक्र सरासरी आठवड्यातून किमान एकदा, याप्रमाणे तीन महिने चालले आणि स्वतःची किंमत शरीराच्या वजनावरच ठरविण्याची वृत्ती जडली, तर तो आजार मानावा.

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील प्रा. जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली ३० रुग्णांच्या निरीक्षणावरून या आजाराचे पहिले पद्धतशीर वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील सर्वांत मोठी अडचण ही की, रुग्णाचे वजन बहुधा चारचौघांसारखेच असते. त्यामुळे घरच्यांना काही कळत नाही आणि लाजेपोटी रुग्णही बोलत नाही. शरीर मात्र आतून झिजत असते. आम्लाने दातांवरचे कवच विरते, गालांजवळच्या लाळग्रंथी सुजतात, रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके अनियमित होतात. प्रसंगी हे प्राणावर बेतते.

'खाण्यावर एवढाही ताबा नसावा?' असा प्रश्न यावर हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडते. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. या धट्ट्याकट्ट्या पुरुषांच्या मनात अन्नाखेरीज दुसरा विषय राहिला नाही. आणि निर्बंध उठल्यावर त्यांच्यातील काहींचा खाण्यावरचा ताबाच सुटला. म्हणजे कठोर उपासमार हीच पुढच्या अतिखाण्याची बीजे पेरते. ज्याला आपण मनोनिग्रहाचा अभाव म्हणतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा निग्रहाचा अतिरेक असतो. आजारामागे आनुवंशिकता, चिंता, नैराश्य अशी इतरही कारणे असतात, हे अर्थातच विसरता येत नाही.

मग हा निग्रह लादतो कोण? फिजी बेटांवरील नद्रोगा प्रांतात १९९५ साली दूरदर्शन संच आले. ॲन बेकर यांनी तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा वजनासाठी ओकारी काढल्याचे एकीनेही सांगितले नव्हते. १९९८ साली हे प्रमाण ११.३ टक्के निघाले. पाहणी लहान होती आणि सारा दोष दूरदर्शनच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही. तथापि अंगाने भरलेले असणे ज्या समाजात कौतुकाचे होते, तेथे हे घडले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. बाजाराचा व्यवहारही ध्यानात घ्यावा. तो एका हाताने चमचमीत पदार्थ विकतो, दुसऱ्या हाताने सडपातळ होण्याची औषधे विकतो. ग्राहकाचा मोह आणि पश्चात्ताप या दोहोंवर त्याला नफा होतो.

सुदैवाने या आजारावर उपाय आहेत. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत विचार व वर्तन दोन्ही बदलण्यावर भर असतो, आणि तिची पहिली पायरी म्हणजे ठरल्या वेळी नियमित जेवण. फ्लुओक्सेटिनसारखे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगी पडते. सर्वच रुग्ण पूर्ण बरे होतात असे नाही; पण पुष्कळ होतात. आपल्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाच्या आजारांना विम्यात शरीराच्या आजारांच्या बरोबरीने वागविण्याचे बंधन घातले आहे, आणि २०२२ पासून सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

परंतु कायदा आणि दूरध्वनी यांच्या आधी घर आणि वर्ग येतात. 'किती सुटलीस गं!' किंवा 'वाळलास की, छान दिसतोस!' ही वाक्ये आपण सहज बोलून जातो. धार्मिक उपवास हा काही आजार नव्हे. पण जेवण चुकविण्यासाठी मुलगी वा मुलगा उपवासांची संख्या वाढवू लागला, जेवताच न्हाणीघराकडे वळू लागला, तर तिकडे कौतुकाने पाहू नये. उपदेश न करता, चारचौघांत न बोलता, आस्थेने विचारावे आणि डॉक्टरांकडे सोबत जावे. टंचाईची भूक समाजाला निदान दिसते तरी. ही व्यथा लाजेच्या पडद्याआड असते, आणि तो पडदा दूर करण्याचे काम रुग्णाच्या आधी आपले आहे.