मिलिटरीची जुनी जीप घरी उभी करताय? आधी कागद, मग ब्रेक. रंग सगळ्यात शेवटी

नागपूर : "मिलिटरीची जीप आहे, इंजिन जाम आहे, बाकी सगळं ओके." असा मेसेज फोटोसकट मोबाईलवर येतो आणि माणूस विचारात पडतो. घराच्या मागे जागा असते, गावात वेल्डिंगवाला असतो, ट्रॅक्टरचं इंजिन खोलून बसवणारा मिस्त्रीही ओळखीचा असतो. मग जीप उभी करायला काय लागतं?

खरं सांगायचं तर मशीन तेवढी अवघड नाहीच. जुनी जीप साधी गाडी आहे. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. ट्रॅक्टर ज्याला समजतो त्याला जीप समजते. घोडं अडतं ते आरटीओच्या कागदावर, आणि जीव धोक्यात येतो तो ब्रेकमुळे. लोक मात्र सुरुवात रंगापासून करतात.

आधी ओळखा, गाडी कुणाची

गावाकडं प्रत्येक उघड्या जीपला मिलिटरीची म्हणायची सवय आहे. त्यातल्या बहुतेक मिलिटरीच्या नसतातच.

दुसऱ्या महायुद्धात, 1941 ते 1945 या काळात, अमेरिकेत विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या काही भारतातच राहिल्या. 1945 मध्ये सुरू झालेल्या महिंद्रा कंपनीने स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबईत माझगावला विलीसच्या जीप जोडायला घेतल्या आणि पुढं त्या इथंच बनू लागल्या. आपल्याकडं तहसील, वनखातं, कोळसा खाणी, निवडणुकीचा प्रचार सगळीकडं दिसली ती ही महिंद्राची नागरी जीप.

फरक समोरून कळतो. युद्धातल्या विलीसच्या पुढच्या जाळीला 9 उभ्या फटी असतात आणि दिवे जाळीच्या आत दबलेले असतात. नागरी जीपला फटी 7 आणि दिवे बाहेर आलेले. युद्धातल्या जीपला मागून उघडणारं फाळकं नसतं, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आणि स्टिअरिंग डाव्या हाताला. फोर्डने बनवलेली असेल तर कितीतरी पार्टांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, इंग्रजी एफ कोरलेला सापडतो. महिंद्राची जी उंच बोनेटची जीप आपण पाहिली, तिचं बोनेट उंच असण्याचं कारण म्हणजे आतलं इंजिनच उंच होतं.

नागपूरकरांना जवळची खरी मिलिटरी गाडी म्हणजे जोंगा. मनसर, देवलापार, खवासा ओलांडून वर गेलं की जबलपूर. तिथल्या लष्करी वाहन कारखान्यात निसानच्या परवान्यावर ती 1999 पर्यंत बनली. जोंगा हे नावही जबलपूरच्या त्या कारखान्यांच्या इंग्रजी नावातली अक्षरं जोडून झालेलं आहे. सहा सिलिंडरचं, जवळपास 4 लिटरचं पेट्रोल इंजिन. ताकद भरपूर, आणि पेट्रोलही तसंच पिते. वावरात मिरवायला घेणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

कागद नसेल तर ते भंगार

लष्कराच्या गाडीची नोंदणी लष्कराकडंच असते. नंबरप्लेटवर वर तोंड केलेला बाण असतो तीच ती. गाडी सेवेतून काढली की लिलाव होतो. असे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर ऑनलाइन चालतात. माल 'जसा आहे, जिथे आहे' तसाच उचलावा लागतो. अशी गाडी आपल्या नावावर नोंदवायची तर मोटार वाहन नियमानुसार संबंधित लष्करी अधिकाऱ्याचं नमुना 21 मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. झेरॉक्स चालत नाही. चार हात बदलून गाडी आली आणि मधल्या कुणी हे प्रमाणपत्र हरवलं असेल, तर पुढचा सगळा खर्च पाण्यात.

सरकारी खात्याची जुनी जीप असेल तर आणखी एक गोष्ट. 1 एप्रिल 2023 पासून सरकारी मालकीच्या 15 वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुढं चालू ठेवली जात नाही. त्या अधिकृत स्क्रॅप केंद्रातच जायच्या आहेत. "पंचायत समितीच्या लिलावातली आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नये.

खासगी जीपची 15 वर्षं झाली असतील तर दर 5 वर्षांनी आरसीचं नूतनीकरण होतं आणि त्यासाठी गाडी तपासणीला उभी करावी लागते. तिथं चासी नंबर बघतात. म्हणून सौदा करण्याआधी वायर ब्रशने चासी घासून नंबर स्वतः वाचावा आणि आरसीशी अक्षर न अक्षर जुळवावा. आरसीवर पेट्रोल आणि बोनेटखाली डिझेल, हा प्रकार आपल्याकडं फार. त्या काळी पेट्रोल परवडत नाही म्हणून लोकांनी इंजिनं बदलली, नोंद कुणी केली नाही. आज तीच गोष्ट नडते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की कंपनीच्या मूळ बनावटीशी न जुळणारा बदल चालणार नाही.

हरियाणातलं मंडी डबवाली हे जीप बांधून देण्यासाठी देशभर नावाजलेलं गाव. रीलमध्ये दिसणाऱ्या चकाचक जीप बऱ्याचदा तिकडच्या असतात. कारागिरी उत्तम, पण वेगवेगळ्या गाड्यांचे पार्ट जोडून उभी केलेली गाडी आणि जुनी गाडी दुरुस्त करणं यात कायदा फरक करतो. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली होती. खर्च सुमारे 60 हजार. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, पण नियमात बसत नसल्याने ती कधीतरी अडवली जाईल हेही त्याच वेळी लिहिलं. शेवटी त्या कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली आणि जीप कंपनीकडं गेली. सगळ्यांचं नशीब असं नसतं.

50 वर्षांवरच्या गाडीसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे. ही 50 वर्षं पहिल्या विक्रीनंतरच्या नोंदणीपासून धरतात. गाडीची चासी, बॉडी, इंजिन मूळचं हवं. फी 20 हजार, मुदत 10 वर्षं, नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं. पण ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. कापूस बाजारात न्यायचा विचार असेल तर हा रस्ता आपला नाही.

हिरवा रंग लावायचा नाही

हे वाचून बरेच जण नाराज होतील. केंद्रीय मोटार वाहन नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन म्हणजे मिलिटरीचा हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. जीप खरोखर मिलिटरीतून आलेली असली तरी एकदा ती तुमच्या नावावर झाली की तो रंग उतरवायचा. रंग बदलला की आरसीवर नोंदही करायची.

आणि फसवणूक. "मी फौजी आहे, बदली झाली, जीप स्वस्तात देतो, आधी गेटपासचे पैसे पाठवा" असं सांगून आर्मीच्या खोट्या ओळखपत्राचा फोटो पाठवणारे भामटे देशभर आहेत. गाडीला हात लावल्याशिवाय रुपयाही पाठवू नये. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करावा.

इथं एक जुनी गोष्ट आठवते. 1948 मध्ये काश्मीरची लढाई चालू असताना लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयामार्फत सैन्यासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जीप मागवल्या गेल्या. हाती आल्या 155, आणि त्या वापरण्याजोग्या नव्हत्या. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा घोटाळा म्हणून तो गाजला. जुनी जीप न बघता घेतली की सरकारसुद्धा फसतं.

इंजिन जाम असलं तरी घाबरू नका

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी आणली की लोक पहिल्याच दिवशी बॅटरी लावून सेल मारतात. तिथंच रिंग तुटते. आधी सगळे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडावं आणि दोन-चार दिवस तसंच राहू द्यावं. मग हँडलने हळूहळू हाताने फिरवावं. एअर क्लीनर ट्रॅक्टरसारखाच तेलाच्या भांड्याचा असतो. त्यात उंदराचं घरटं सापडणं नेहमीचंच.

टाकी उतरवून आतला गंज साफ केल्याशिवाय पेट्रोल भरू नये. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या काळचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे कॉर्क गॅस्केट त्याला टिकत नाहीत. फुगतात, चिरतात आणि पेट्रोल गरम इंजिनवर ठिबकतं. हे सगळं इथेनॉल चालणाऱ्या रबराचं नवं बसवावं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून गाडी महिनोनमहिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवलेली बरी.

चासी सरळ आहे की नाही ते दोरीनेही कळतं. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि मग उलट बाजूने माप घ्यावं. दोन्ही सारखी नसतील तर गाडी कुठंतरी आदळलेली आहे.

ब्रेकवर पैसे वाचवू नका

जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून एकच लाइन. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो. आजच्या गाड्यांत दोन वेगळ्या लाइन असतात, इथं तसं काही नाही. म्हणून मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर आणि सगळे पाइप एकदमच बदलावेत. त्यात इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल कधीच घालू नये, रबर फुगून ब्रेक जाम होतो. बाटलीवर डॉट-3 लिहिलेलं ब्रेक ऑइलच घ्यावं. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर ती भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

स्टिअरिंगला जास्त खेळ असेल तर टाय रॉड एंड आणि किंगपिनचं बेअरिंग तपासावं. वेगात पुढची चाकं थडथड उडायला लागली की गाडी हातात राहत नाही.

मिलिटरीच्या चाकांचा रिम कधी कधी दोन भागांचा, नटांनी जोडलेला असतो. टायरमध्ये हवा असताना ते नट सैल केले तर रिम गोळीसारखा उडतो. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडल्यावरच पाना लावायचा. गावच्या पंक्चरवाल्याला हे आधी सांगावं, त्याने असा रिम पाहिलेला नसण्याचीच शक्यता जास्त.

फोर बाय फोरचा दांडा चिखलात, वाळूत, ओल्या वावरातच टाकावा. कोरड्या डांबरावर तो टाकून गाडी चालवली की वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि टायर, गिअर दोन्ही झिजतात.

पत्र्याचं काम आल्यावर तळ आधी बघावा. मूळ मिलिटरी जीपच्या तळाखालच्या पत्र्याच्या खोबणीत लाकडाच्या पट्ट्या घातलेल्या असतात. त्या पाणी धरून ठेवतात आणि वरचा पत्रा आतून खातात. वरून पुट्टी मारून रंगवलेली जीप पहिल्या पावसाळ्यातच फुटते. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडावा, पाणी निघायची भोकं मोकळी ठेवावीत, खालून गंजरोधक मारावं. रंगाचं काम पावसाळ्यात धरू नये. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की उरकावं, आणि त्याआधी ब्रेकची चाचणी रिकाम्या मैदानात घेतलेली असावी.