देवनहळ्ळी आणि शके ६९० चं ग्रहण

बेंगळुरूच्या विमानतळावर उतरलेला मराठी माणूस देवनहळ्ळीला पाठ दाखवून शहराकडे पळतो. जो थांबतो, तो टिपू सुलतानाच्या जन्मस्थानासाठी. मल्लबैरे गौडाने १५०१ मध्ये घातलेला मातीचा कोट, हैदर-टिपूंच्या काळातली त्याची दगडी तटबंदी, आत वेणुगोपाळस्वामींचं देऊळ. दीड तासात पाहून होतं. हंगाम असेल तर चकोते जरूर घ्यावेत, इथल्या चकोत्याला भौगोलिक मानांकन आहे.

आपला या मुलखाशी असलेला खरा जुना संबंध मात्र किल्ल्यात सापडत नाही. कोट उभा राहण्याआधी सव्वासातशे वर्षांहून अधिक काळ मागे गेलं, की ही सगळी गंगवाडी. गंग राजा श्रीपुरुषाचं मान्यपूर म्हणजे आजचं मण्णे, देवनहळ्ळीच्याच जिल्ह्यातलं. २३ मार्च ७६८, शके ६९० चं सूर्यग्रहण. गंगांवरच्या स्वारीत मण्णेला तळ पडलेला होता राष्ट्रकूट कृष्ण पहिल्याचा. वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या नावावर आहे, तोच हा. ग्रहणाच्या पर्वावर त्याने गाव दान दिलं ते ‘पूनक’ विषयातलं (विभागातलं), म्हणजे थेट पुण्याकडचं! चतुःसीमा वाचताना थेऊर भेटतं, आळंदी भेटते (माउलींची नव्हे, थेऊरच्या बाजूची), मुळा नदीही भेटते. पुणे जिल्ह्यातल्या तळेगावात मिळालेल्या ताम्रपटात हे सारं कोरलेलं आहे. स्वारीवरचा राजा गंगांच्या उंबरठ्यावर बसून मुळेकाठच्या जमिनीचा हिशेब करतो, यातली ऐट लपत नाही.

 

आपण कैलास पाहून छाती फुगवतो. मग गंगवाडीची बाजूही पाहावी. देवनहळ्ळीहून शहराकडे जाताना लागणाऱ्या हेब्बाळला २०१८ मध्ये एक वीरगळ सापडला. श्रीपुरुषाच्या काळातला, साधारण इ.स. ७५० चा. रट्टांची, म्हणजे राष्ट्रकूटांची, धाड आली तेव्हा लढताना पडलेल्या कित्तय्याचा तो दगड. राजांच्या प्रशस्तीत असल्या माणसांना जागा नसते.

मण्णेला जायचं तर देवनहळ्ळीहून दोड्डबळ्ळापूरमार्गे पश्चिमेला, त्यामगोंडलूच्या दिशेने. तिथे कपिलेश्वराचं पडझड झालेलं गंगकालीन देऊळ आहे. गाडी स्वतःची असलेली बरी.