एक्सरचे वीरगळ : दगडातली जलयुद्धं

विष्णुपुरीत, गोदावरीच्या काठावर जलयुद्धावर व्याख्यान, म्हणजे तुम्हाला गंमत वाटेल. पण आजच्या दगडांचा एक धागा थेट आपल्या देवगिरीपर्यंत येतो.

आपल्याकडे पाराजवळ शेंदूर फासलेले वीरगळ असतात. खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याशी चंद्र-सूर्य. खालच्या चौकटीत गायी दिसल्या तर समजायचं, गोधन वाचवताना माणूस गेला. मुंबईत बोरिवलीच्या एक्सरला मात्र गायींच्या जागी नावा आहेत. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये तिथल्या सहा वीरगळांचं वर्णन आहे, चारांवर जलयुद्ध.

त्यांतल्या एकावर पाच नावा ओळीनं निघाल्यात. टोकं उंच, मध्ये डोलकाठी, बाजूला नऊ वल्ह्यांची एक रांग. हे नीट पाहा. डोलकाठी आहे, म्हणजे शिडावर प्रवास होणार. पण शत्रूला गाठायचं तर वाऱ्याच्या भरवशावर राहून कसं चालेल? तिथं वल्हीच हवीत. वरच्या चौकटीत चार नावा एकीला घेरतात. तोफा नाहीत. नाव नावेला भिडवायची आणि हातघाईवर यायचं. मात्र वल्ही मोजून नावेची लांबी काढू नका हं! शिल्पकाराला वीर दाखवायचा होता. म्हणून माणसं मोठी, नाव लहान.

आता देवगिरी. यादव राजा महादेवानं तेराव्या शतकात ठाण्याच्या शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर याला हरवलं, तो समुद्रात बुडाला. हे सांगतो हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत. महादेवाच्या क्रोधापेक्षा सोमेश्वराला समुद्र परवडला, अशी मल्लिनाथी तो करतो. दरबारी माणूस, दुसरं काय लिहिणार?

साधारण १२६५च्या याच लढाईशी एक्सरचे दगड जोडले जातात. काही अभ्यासक मात्र ते अकराव्या शतकातले मानतात. मला विचाराल तर, हेमाद्रीचा शब्द आणि एक्सरचा दगड यांचं लग्न आपण जरा घाईनं लावलंय. लेखात राजा आहे, नाव कशी होती ते नाही. दगडावर नाव आहे, राजाचं नाव नाही. कोकणच्या किनाऱ्यावर वल्ह्यांच्या नावांतून युद्ध होत होतं, एवढी साक्ष दगड चोख देतो. विजय कुणाचा, हे त्याला विचारू नये. तो गेलेल्या माणसासाठी उभा केलाय.