विश्लेषण : दुचाकीचा गंजलेला ‘चिमटा’ घरी काढून पावडर कोटिंग करता येते का?

कळवण तालुक्यात दुचाकी ही नुसती फिरायची गाडी नसते. खताची गोणी, दुधाचे कॅन, कांद्याची रोपे, गडावर निघालेले कुटुंब, सगळ्यांचा भार तिच्यावरच असतो. हा भार मागच्या चाकापर्यंत पोहोचवणारा भाग म्हणजे ‘स्विंगआर्म’, गॅरेजच्या भाषेत ‘चिमटा’. तो गंजला की अनेक जण वरून काळा रंग मारून मोकळे होतात. तो उतरवून पावडर कोटिंग करून पुन्हा बसवणे हा अधिक टिकाऊ उपाय आहे. मात्र यातले कोणते काम घरी करावे आणि कोणते करू नये?

चिमटा म्हणजे नेमके काय?

मागचे चाक सांगाड्याला थेट जोडलेले नसते. इंजिनच्या मागे एका आडव्या बोल्टवर दोन दांड्यांची चौकट बसवलेली असते. तिच्या मागच्या टोकांत चाकाचा एक्सल अडकतो आणि वर शॉकअॅब्सॉर्बर जोडलेले असतात. खड्डा आला की ही चौकट बोल्टभोवती वरखाली होते. चाक सरळ रेषेत ठेवणे, साखळीची ओढ सहन करणे आणि ब्रेकचा जोर सांगाड्याकडे नेणे ही तिचीच कामे. म्हणून चिमट्याचा गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट उतरताना दोघांच्या वजनासह ब्रेक लागतो, तेव्हा याच लोखंडावर भिस्त असते.

गंज इथेच जास्त का धरतो?

पुढच्या चाकाने उडवलेला चिखल आणि मागच्या चाकाने फेकलेली माती दोन्ही चिमट्यावर येऊन बसते. साखळीच्या तेलात ती घट्ट चिकटते आणि ओल धरून ठेवते. शेतकऱ्याच्या गाडीला आणखी एक कारण असते ते खताचे. मागच्या सीटवर आडव्या टाकलेल्या गोणीतून सांडणारी खताची पूड थेट चिमट्यावर पडते. युरिया हवेतील ओल ओढून घेतो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये तर क्लोराइड असते आणि क्लोराइड लोखंडाला मिठासारखेच खाते. दांड्या आतून पोकळ असल्याने छिद्रांतून शिरलेले पाणी आतल्या बाजूनेही गंज वाढवते. तो बाहेरून दिसत नाही.

पावडर कोटिंग आणि साधा रंग यात फरक काय?

साध्या रंगात थिनर असतो. तो उडून गेला की रंगाचा थर उरतो. पावडर कोटिंगमध्ये द्रव नसतोच. प्लॅस्टिकसारख्या रेझिनची बारीक रंगीत पूड विशेष बंदुकीतून फवारली जाते. बंदूक पुडीला हजारो व्होल्टचा विद्युतभार देते आणि लोखंडी भाग अर्थिंगला जोडलेला असतो, त्यामुळे पूड त्याला चिकटते. नंतर तो भाग भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला १० ते २० मिनिटे भाजला जातो. पूड वितळून एकसंध पसरते आणि रासायनिक क्रियेने कडक होते. हा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे जवळपास माणसाच्या केसाइतका जाड असतो.

जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५०च्या दशकात तापवलेला भाग पुडीत बुडवण्याची पद्धत विकसित केली. विद्युतभारित फवारणी १९६०च्या दशकात रुळली. आज लोखंडी कपाटे, खिडक्यांच्या चौकटी यांवरचा गुळगुळीत रंग बहुधा याच पद्धतीचा असतो.

मग हे सगळे घरी होऊ शकते?

उतरवणे, स्वच्छ करणे आणि पुन्हा बसवणे घरी होऊ शकते. कोटिंग मात्र घरी करू नये. चिमटा साधारण अर्धा मीटर लांब असतो, तो घरातल्या छोट्या ओव्हनमध्ये मावत नाही. मावला तरी ज्यात पूड भाजली, त्या ओव्हनमध्ये पुन्हा खाण्याचा पदार्थ करणे धोक्याचे. शिवाय हवेत दाट उडालेली ही पूड ठिणगीने पेट घेऊन स्फोट होऊ शकतो. शेगडीवर किंवा गॅसच्या झोताने भाजणे तर त्याहून वाईट, कारण एकीकडे थर जळतो आणि दुसरीकडे कच्चा राहतो. कळवणपासून नाशिक ऐंशीएक किलोमीटरवर आहे. तिथल्या सातपूर, अंबड औद्योगिक वसाहतींत हे काम करणारे कारखाने आहेत.

वेळही महत्त्वाची. घरात एकच गाडी असेल, तर ती काही दिवस उभी राहणार हे धरून चालावे. उन्हाळ कांदा चाळीत पडला आणि मृगाचा पाऊस अजून यायचा आहे, असे दिवस यासाठी बरे.

चिमटा उतरवताना क्रम कोणता?

सुरुवातीला प्रत्येक जोडाचे मोबाइलवर फोटो काढावेत. कोणता वॉशर कोणत्या बाजूला होता, हे नंतर आठवत नाही. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर घ्यावी आणि सांगाड्याखाली लाकडी ठोकळ्यांचा भक्कम आधार द्यावा. फक्त स्टँडवर विसंबू नये. बोल्ट ठोकताना गाडी हलते.

१. साखळीचे कव्हर काढून चेनलॉक उघडावे.

२. ब्रेक रॉडचा नट आणि ब्रेक पॅनेलला धरणारी टॉर्क रॉड सोडवावी.

३. एक्सलचा नट काढून एक्सल ओढावा आणि चाक बाहेर घ्यावे.

४. शॉकअॅब्सॉर्बरचे खालचे बोल्ट सोडावेत.

५. मुख्य बोल्टच्या वाटेत सायलेन्सर किंवा फूटरेस्ट येत असेल तर तोही उतरवावा.

६. शेवटी मुख्य बोल्टचा नट काढून बोल्ट बाहेर काढावा.

खरा घाम हा शेवटचा बोल्ट काढतो. अनेक पावसाळे खाल्लेला बोल्ट बुशच्या नळीत गंजून धरलेला असतो. गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर, गरज पडल्यास दोन दिवस थांबावे. ठोकताना नट आट्यांच्या टोकाशी बरोबरीने फिरवून ठेवावा आणि मध्ये लाकूड किंवा पितळेचा तुकडा धरावा, म्हणजे आटे चेपत नाहीत. बोल्ट सुटावा म्हणून गॅसची ज्योत लावू नये. वर पेट्रोलची टाकी असते.

कोटिंगला देण्यापूर्वी काय तपासावे?

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. कोटिंगचा जाड, चकचकीत थर तडा झाकून टाकतो. म्हणून आधी रॉकेल किंवा डिझेलने तेलकट माती धुऊन, तारेच्या ब्रशने गंज खरवडून उघडे लोखंड पाहावे. मुख्य बोल्टची नळी, दांड्यांचे वेल्डिंग, शॉकअॅब्सॉर्बरचे कान आणि एक्सलच्या खाचा या चार जागा भिंगातून बघाव्यात. खिळ्याचे टोक दाबून पाहावे. पत्रा आत दबला, खपली निघाली किंवा केसासारखी रेघ दिसली, तर तो चिमटा कोटिंगला नव्हे, भंगारात द्यावा. गल्लीतल्या वेल्डिंगने तडा बुजवून तो चालवणे म्हणजे जुगार आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने दांड्या वाकड्या होतात आणि चाक तिरके चालते.

सायलेंट ब्लॉक प्रकारचे रबरी बुश आणि साखळीखालची रबरी पट्टी आधी काढलीच पाहिजे, कारण भट्टीत त्यांचा कोळसा होईल. बुश दाबयंत्र किंवा मोठ्या व्हाइसवर दाबून निघतात. निघालेले जुने पुन्हा न बसवता नवे घ्यावेत.

कारखान्याला काय सांगावे?

पहिली सूचना झाकायच्या जागांची. बुशची भोके, बोल्टचे आटे, एक्सलच्या खाचांच्या आतल्या-बाहेरच्या बाजू आणि सांगाड्याला टेकणारी तोंडे यांवर पूड नको. हिशेब सोपा आहे. भोकात ७० मायक्रॉनचा थर बसला, तर दोन्ही बाजू मिळून व्यास ०.१४ मिलिमीटरने कमी होतो. मोजून दाबून बसणाऱ्या बुशसाठी हा फरक मोठा आहे. नटाखाली आलेला थर दाबाने हळूहळू चेपतो आणि घट्ट केलेला नट सैल पडतो. एक्सलच्या नटाबाबत हे परवडणारे नाही.

दुसरी सूचना पुडीची. फक्त इपॉक्सीची पूड चिवट असते, पण उन्हात तिची चमक जाऊन वर पांढरी भुकटी येते. रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला पॉलिएस्टर पूड मागावी. खाली झिंक किंवा इपॉक्सी प्रायमर दिला तर उत्तम. तिसरी सूचना सफाईची. ब्लास्टिंगनंतर भाग रिकामाच एकदा तापवून घ्यायला सांगावे. पोकळीत अडकलेले तेल आणि ओल आधीच निघून जाते, नाहीतर तेच थरातून बुडबुडे काढते.

माल ताब्यात घेताना आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला थिनरच्या बोळ्याने हलके घासून पाहावे. भरपूर रंग उतरला किंवा थर मऊ पडला, तर तो कच्चा भाजलेला आहे.

बसवताना लोक कुठे चुकतात?

बसवायचा क्रम उलटा असतो, पण चार ठिकाणी घाई महागात पडते.

मुख्य बोल्ट : बोल्टवर ग्रीसचा पातळ हात द्यावा, रबरावर ग्रीस लागू देऊ नये. सायलेंट ब्लॉकमधले रबर दोन पोलादी नळ्यांना चिकटलेले असते. चिमटा खाली लोंबत असताना नट आवळला, तर गाडी स्टँडवरून उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणून नट आधी हलका बसवावा, चाक आणि शॉकअॅब्सॉर्बर जोडून गाडी जमिनीवर घ्यावी आणि मगच पूर्ण आवळावा. किती आवळायचा हे गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत दिलेले असते. त्यासाठी टॉर्क पाना लागतो. घरी नसेल तर एवढे काम गॅरेजमध्ये करून घ्यावे.

टॉर्क रॉड : हिचा नट सुटला तर ब्रेक दाबताच ब्रेक पॅनेल चाकाबरोबर फिरते. ब्रेक जातो किंवा चाक जागीच अडकते. इथे स्प्लिट पिन दर वेळी नवीच घालावी.

चेनलॉक : क्लिपचे बंद तोंड साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवे. उलटी बसलेली क्लिप कशाला अडकली तर निघून जाऊ शकते.

चाकाची रेषा : दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवाव्यात. साखळीची ढील बऱ्याच गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर लागते, आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत पाहावा. चाक फिरवून साखळी ताणलेली जागा शोधावी आणि तिथेच ढील मोजावी.

काम झाले हे कधी म्हणायचे?

पहिली फेरी एकट्याने, सपाट रस्त्यावर, कमी वेगाने घ्यावी. ब्रेक दोन-तीनदा दाबून पाहावा. चाक हातात धरून डावी-उजवीकडे हलवले असता खटखट नको. साधारण ५० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासावेत, त्यानंतरच गोणी लादावी किंवा घाट चढावा.

कोटिंग म्हणजे अमरपट्टा नव्हे. दगड लागून टवका उडाला आणि तसाच राहिला, तर गंज थराखालून सरकत जातो. टवका दिसताच घासून प्रायमर आणि रंगाचा हात द्यावा. खत वाहून आणले की त्याच संध्याकाळी चिमट्यावर दोन तांबे पाणी ओतावे आणि साखळीला तेल द्यावे. दोन तांबे पाण्याचा हा कंटाळा केला, तर नवे कोटिंगही फार पावसाळे पाहणार नाही.