नांदेड (शीख तीर्थक्षेत्र)

नांदेड हे महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील, गोदावरीच्या काठी वसलेले शहर व जिल्ह्याचे मुख्यालय आहे. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांचे येथे ७ ऑक्टोबर १७०८ रोजी देहावसान झाले. शिखांच्या पाच तख्तांपैकी तख्त सचखंड श्री हजूर साहिब याच शहरात आहे. शीख परंपरेत या नगरीस ‘अबचलनगर’ असेही म्हणतात.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर बादशहा झालेला बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्यावर दक्षिणेत चालून आला, तेव्हा गुरू त्याच्या लष्कराबरोबर होते. नांदेडच्या मुक्कामी त्यांच्यावर पठाणाने खंजिराचा वार केला. जखम शिवण्यात आली. परंतु धनुष्य ओढताना ती पुन्हा उघडली, असे परंपरा सांगते. अंतसमयी त्यांनी, आपल्यामागे कोणी देहधारी गुरू होणार नाही, यापुढे ग्रंथसाहिबालाच गुरू मानावे, अशी आज्ञा केली. नांदेडचा उल्लेख पुष्कळदा केवळ ‘गुरूंचे समाधिस्थान’ असा होतो, तो अपुरा आहे. गुरुपद व्यक्तीकडून ग्रंथाकडे गेले ते येथेच. त्या ग्रंथात संत नामदेवांची ६१ पदे आहेत आणि नामदेवांचे मूळ गाव मानले जाणारे नरसी शेजारच्याच हिंगोली जिल्ह्यात आहे.

माधोदास नावाच्या बैराग्याची व गुरूंची भेटही गोदातीरीच झाली. तोच पुढे बंदासिंग बहादूर या नावाने पंजाबात गेला व त्याने १७१० मध्ये सरहिंद जिंकले. बंदा घाट गुरुद्वारा त्याच्या वास्तव्याचे स्मरण देतो. याशिवाय नगिना घाट, हिरा घाट, शिकार घाट, संगत साहिब आदी गुरुद्वारे शहरात व परिसरात आहेत.

सचखंडाची सध्याची वास्तू महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविली. गुरूंच्या अंत्यसंस्काराच्या जागेवरील आतील दालनास ‘अंगीठा साहिब’ म्हणतात. तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होते. गुरुद्वाऱ्याचा कारभार १९५६ च्या स्वतंत्र कायद्यान्वये मंडळाकडे आहे.

येथील उपासनापद्धती पंजाबातील प्रचलित पद्धतीहून काहीशी निराळी आहे. गुरुग्रंथसाहिबाबरोबर दसम ग्रंथाचेही येथे पठण होते. दिव्यांची आरती व चंदनाचा टिळा या जुन्या चाली टिकून आहेत. त्यांस पंजाबातून आक्षेपही घेतला जातो; तथापि स्थानिक ‘हजुरी’ शीख त्यांना गुरूंच्या काळापासूनचा वारसा मानतात. या शिखांपैकी पुष्कळजण पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहिलेले असून घराबाहेर सहज मराठी बोलतात.

रोज पहाटे गोदावरीचे पाणी घागरीने आणून स्थान धुण्याची प्रथा आहे. दसरा व होळीला निशाण, घोडे व उघड्या तलवारींसह ‘हल्लाबोल’ मिरवणूक निघते. २००८ मध्ये गुरुता गादीच्या त्रिशताब्दीस देशविदेशांतून भाविक आले. त्यानिमित्त विमानतळ व घाटांचीही सुधारणा झाली. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या रेल्वेगाडीस ‘सचखंड एक्सप्रेस’ असे नाव आहे.