वॉर्डात सुचलेले प्रश्न

लॉरेटा फोर्ड २०२५च्या जानेवारीत गेल्या, १०४ वर्षांचं आयुष्य जगून. नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः तपासून उपचार करू शकणाऱ्या परिचारिका, घडवणारा पहिला अभ्यासक्रम त्यांनी १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांच्या साथीनं सुरू केला. तिथल्या खेड्यापाड्यांत डॉक्टर मिळत नसत. मुलांची तपासणी, वाढीवरची नजर, आईला सल्ला हे काम सार्वजनिक आरोग्य परिचारिकाच निभावत होत्या. फोर्डही त्यांतल्याच. या अनुभवाला शिक्षणाची आणि अधिकाराची जोड द्यायची होती. विरोध झाला, तोही नुसता डॉक्टरांकडून नव्हे, नर्सिंगच्या प्राध्यापकांकडूनही. आज अमेरिकेत साडेतीन लाखांहून अधिक नर्स प्रॅक्टिशनर आहेत.

मला मात्र फोर्ड यांचं पुढचं काम अधिक मोलाचं वाटतं. १९७२ मध्ये त्या न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात नर्सिंग स्कूलच्या पहिल्या डीन झाल्या आणि विद्यापीठाच्या स्ट्राँग मेमोरियल रुग्णालयातल्या परिचर्या सेवेची सूत्रंही त्यांच्याकडेच आली. एरवी शिकवणारी खाटेपासून दुरावते, खाटेपाशी राबणारीला अभ्यासाला उसंत मिळत नाही, आणि रात्रपाळीत सुचलेला प्रश्न रात्रपाळीतच विरतो. फोर्ड यांनी शिक्षण, रुग्णसेवा आणि संशोधन एकाच व्यक्तीच्या नेमणुकीत गुंफलं. वॉर्डात काम करणारी परिचारिकाच वर्ग घेई आणि तीच संशोधनही करी.

त्याच विद्यापीठात असताना मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ओल्ड्स यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्याच एल्मायरा गावात एक चाचणी उभी केली. पहिलटकरीण असलेल्या ४०० स्त्रिया त्यात होत्या. बहुतेक गरीब, अल्पवयीन किंवा एकट्या. काहींच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत परिचारिका जात राहिली. आहार, सिगारेट, बाळाचं रडणं, शिक्षण, नोकरी, सगळ्यावर बोलणं होई. मग संशोधकांनी वाट पाहिली, तीही पंधरा वर्षं. १९९७ साली निष्कर्ष आले: परिचारिका गेलेल्या घरांत मुलांच्या छळाच्या आणि हेळसांडीच्या नोंदी भेटी न मिळालेल्या घरांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर होत्या. मूल पंधरा वर्षांचं होईपर्यंत धीर धरणारं संशोधन विरळा. औषधाच्या चाचणीला जी शिस्त लागते, तीच इथे घरभेटीला लावली गेली. मेम्फिसमधल्या पुढच्या चाचणीत तर रॉचेस्टरच्या नर्सिंग प्राध्यापक हॅरिएट किट्झमन आघाडीवर होत्या.

दरम्यान परिचारिकांच्या संशोधनाला देशपातळीवरही जागा मिळाली: १९८६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये नर्सिंग संशोधनाचं केंद्र सुरू झालं. १९९३ मध्ये त्याला स्वतंत्र संस्थेचा दर्जा मिळाला.

घरभेट परिचारिकेनंच द्यायला हवी का, ही शंका मात्र उरलीच होती. पैसा वाचवायचा म्हटलं की ती हमखास निघते. डेन्व्हरच्या तिसऱ्या चाचणीत काही घरी परिचारिका गेल्या, काही घरी प्रशिक्षण दिलेल्या बिगर-परिचारिका. कार्यक्रम एकच होता. आई आणि मूल दोघांवरही परिचारिकांच्या भेटींचा परिणाम ठळकपणे अधिक दिसला.